हलू नका, अण्णा

नाशिककरांना पाणी कळतं, असा आमचा गोड समज आहे. गोदेचे पूर बघत वाढलेलो आम्ही. पाणी वरच्या अंगानं येतं, पायरी पायरीनं चढतं, आपण मागं सरकत राहायचं. एवढ्या ज्ञानावर मी वडिलांना कोकणात समुद्रावर घेऊन गेलो.

लग्नांचे फोटो काढून मी पोट भरतो. स्टेजवरचे तेच ते हसरे चेहरे बघून वीट येतो, म्हणून वर्षातून एकदा तरी समुद्राकडे पळतो. काळे कातळ, फुटणाऱ्या लाटा, वर ढगांची दाटी. त्या वेळी नाशकातल्या एका प्रदर्शनासाठी फोटो हवा होता. नुसता समुद्र फोटोत लहानच दिसतो. त्यात एक माणूस उभा केला की तोच समुद्र अक्राळविक्राळ होतो. माणूस म्हणून अण्णा होते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, बाहत्तर वर्षांचे, पोहता न येणारे. सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

त्यांना माझं लाल जाकीट घातलं आणि पुढच्या कातळावर समुद्राकडे तोंड करून उभं केलं. मधे घोट्याएवढ्या पाण्याची घळ होती, ती त्यांनी चपला हातात घेऊन ओलांडली. लेन्सवर काळी काच लावून मला तीस-तीस सेकंदांचे फोटो घ्यायचे होते. तेवढ्या वेळात माणूस हलला की फोटोत पुसट होतो.

मी ओरडून सांगितलं, "हलू नका, अण्णा. मी सांगेन तेव्हाच या."

कातळावरच्या शिंपल्यांतली कालवं काढणारी एक बाई टोपली घेऊन परत निघाली होती. ती थांबून म्हणाली की पाणी वळलंय, भरती लागलीय, आज अमावास्या आहे, भराभर चढेल, म्हाताऱ्याला आत बोलवा. दहा मिनिटांत निघतो, म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिचा रागच आला.

पहिले चार फोटो फुकट गेले. मग सूर्य टेकायच्या वेळी ढग फाटले आणि कातळावर तांबडा उजेड पडला. अण्णांचं लक्ष समोरच्या लाटांवर होतं. पाणी मात्र बाजूनं वळसा घालून त्यांच्या पाठीमागच्या घळीत भरत होतं, कातळाच्या कडेवर चढत होतं. त्यांचे पाय पाण्यात गेलेले मला स्क्रीनवर दिसले. दिसले. तीस सेकंदांच्या फोटोत लाटेचं धुकं होतं, त्या धुक्यात उभे असलेले अण्णा फार सुंदर दिसत होते. मी पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा.

त्या शेवटच्या फोटोच्या मधेच लाट आपटली आणि ते झुलले. तरी वळले नाहीत. या, या म्हणून ओरडलो, पण लाटांच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. घळीत उतरलो तर पाणी कमरेला लागलं. त्यांच्यापर्यंत पोचून हात धरला, तर तो गारठलेला.

"झाला का फोटो?" त्यांनी विचारलं.

परतताना घळीच्या मधोमध लाटेनं आम्हाला पाडलं. त्यांचा हात सुटला. किती वेळ ते माहीत नाही, पण अण्णा दिसत नव्हते. मग पाण्यात लाल काही दिसलं, ते पकडलं आणि ओढत सुटलो. ती बाई गेलीच नव्हती. तिनं अण्णांना काखेत हात घालून वर घेतलं. माझ्याकडे न बघता टोपली उचलून ती निघाली.

फोटो प्रदर्शनात लागला, नावाजला गेला. आता घरी दिवाणखान्यात आहे, अण्णांनीच लावून घेतला. पाहुणा त्याच्या जवळ गेला की मी चहाचं विचारून त्याला मागं बोलावतो. त्यांच्या पिंढऱ्यांपर्यंत चढलेलं पाणी त्याला दिसेल, आणि हे दिसत असताना फोटो काढणारा काय करत होता, असं तो विचारेल. आजवर कुणी विचारलेलं नाही. सगळे अण्णांनाच विचारतात, भीती नाही का वाटली?

"भीती कशाची?" अण्णा म्हणतात. "मागं हा होता ना. सारखा माझ्याकडंच बघत होता."

बघत होतो, हे खरं आहे.