नाका उठला आणि गाठोबा

गाठोबा, पत्र तुला आहे, पण वाचायला चार माणसं बसलीत, तेव्हा मध्ये मध्ये बोलू नकोस. करपद्धत सुधारली, रस्ते मोकळे झाले, यावर ढीगभर लेख आले आणि त्यातलं बहुतेक खरंच होतं. मी अर्थशास्त्र शिकलेली बाई आहे, मला ते पटलं. पण त्यात तू कुठे होतास? म्हणून तुझी गोष्ट सांगते. मावशीचं ऐकायची सवय तुला कधी नव्हतीच, निदान आता ऐक.

तर मंडळी, या माणसाचं काम म्हणजे दुसऱ्यांनी सोडलेलं बांधणं. करनाक्यावर प्रत्येक ट्रक थांबे. साहेब माल दाखव म्हणत, ड्रायव्हर ताडपत्री सोडी, साहेब दोन खोकी ठोकून बघत आणि शिक्का मारून सावलीत जात. उघडा पडलेला माल पुन्हा आवळायचं त्राण ड्रायव्हरच्या अंगात नसे. तिथे गाठोबा हजर. चाकाला पाय लावायचा, सगळं अंग मागे टाकून दोर खेचायचा आणि हुकाला असा फास द्यायचा की पुढच्या नाक्यापर्यंत ताडपत्रीने फडफडू नये. त्याच्या तळहातांना पाट्यासारखे घट्टे पडले होते. बायको म्हणे, ‘यांनी जवळ घ्यावं असं वाटलं तर आधी ताडपत्री पांघरावी लागते.’

मग सरकारने सगळे नाके उठवले. कर एकच, तो माल निघतो तिथेच भरायचा. वाटेतला खोळंबा बंद, चिरीमिरी बंद. साहेबांची बदली झाली, शिपायांना दुसरी कचेरी मिळाली. गाठोबा कोणाच्या नोकरीत नव्हताच, त्याला कोण कुठे बदलणार? आडवा खांब कापून नेला आणि ट्रक सुसाट जायला लागले.

पहिले काही दिवस तो नुसता कडेला बसून राहिला, नाका परत येईल म्हणून. घरातले डबे वाजायला लागले. मेहुण्याने दूरच्या शहरातून निरोप धाडला की गोदामात हमाल हवेत. याचं उत्तर तयार होतं, मी बांधणारा माणूस, ओझी कशाला उचलू? बायको ताडकन म्हणाली की मग हवा बांधून आणा आणि ती शिजवते मी. महिनाअखेर निघायचं, नाहीतर मुलीला घेऊन ती एकटी जाणार, असं तिने ठणकावून सांगितलं.

पुढच्या डिझेल पंपावर ट्रक टेकत. गाठोबा तिथे घुटमळू लागला. ड्रायव्हर हसत, ‘काका, आता सोडतंच कोण?’

एका दुपारी ड्रायव्हर तोंड धुवायला गेला आणि याने मागचा एक फास सैल केला. मग त्याच्यापुढे जाऊन म्हणाला, दादा, दोर ढिला झालाय. ड्रायव्हरने पाहिलं, भरणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली आणि याला बांधायला लावलं. त्या संध्याकाळी पिठाची पिशवी घरी आली. कामं येऊ लागलीत, एवढंच त्याने सांगितलं. बायकोने पिशवी रिकामी केली, पुढे विचारलं नाही. आपल्या ताटातली भाकरी त्याने मुलीच्या पानात सरकवली, तरी दुसऱ्या दिवशी तो पंपावर गेला. तिसऱ्याही.

असं चालू असताना प्लायवूडने भरलेला एक ट्रक आला. याने दोन हुक सोडले. ड्रायव्हर घाईत होता.

‘दादा, मागचा दोर बघा.’

‘तुम्ही नाकेवाले सुधारणार नाही. आधी साहेब ओरबाडायचे, आता तुम्ही.’

‘पैसे नकोत. फुकट बांधतो.’

‘फुकट तर मुळीच नको.’ त्याने गाडी सुरू केली.

गाठोबाने दोराचं टोक पकडलं, फरफटला, सुटला. पुढे उतार, उतारावर वळण, आणि शाळा सुटायची वेळ. तो धावत सुटला. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात केला. ज्या रस्त्यावर थांबायचं कारणच उरलं नव्हतं, तिथे कोण थांबणार? वळणाच्या पलीकडे खड्ड्यात प्लायवूडची एक फळी पडली होती, कोपरा फुटलेला. माणूस कुठे नव्हता. त्याने दोन्ही बाजूंची झुडपं हातांनी बाजूला करून पाहिली. अंधार पडेपर्यंत तो त्या उतारावर वरखाली करत होता.

परत आला तो थेट माझ्या दारात. चपला कुठे गेल्या ते त्याला ठाऊक नव्हतं. सगळं सांगून टाकलं. सकाळी बायकोमुलीबरोबर गोदामाकडे निघतो म्हणाला, हमाली तर हमाली. ट्रकच्या मागे रंगवलेला मालकाचा फोन नंबर त्याला तोंडपाठ होता, तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

‘मावशी, तू विचार ना. ट्रक पोचला का. आणि वाटेत कोणाला...’

मी फोन त्याच्यापुढे सरकवला. म्हटलं, ‘हुक तू सोडलेस, विचारायचंही तूच.’

त्याने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. ‘तिकडे पोचलो की करतो.’

नंबर मलाही पाठ झालाय, गाठोबा. तू केला नाहीस हे मला माहीत आहे, आणि मीही केलेला नाही.