साकवाचं मुंडासं

कायद्याचं पुस्तक तेविसाव्या वर्षी कुणाच्या हाती देऊ नये. माझ्या हाती दिलं, आणि एका भल्या माणसाची सरपंचकी मी घालवली.

साठ सालानंतरची गोष्ट. पंचायतीचा नवा कायदा आला होता आणि पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या अंगाला असलेल्या एका गावात मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो. महाडच्या बाजारपेठेत वाढलेला मी. ट्रंकेत कपडे कमी आणि परिपत्रकं जास्त. गाव मला भाऊसाहेब म्हणे. आपल्यावाचून गावाचं कसं होणार, असं मला मनापासून वाटायचं. आज हसू येतं.

सरपंच होते गावचे सुतार. वय पन्नाशीचं, बोलणं मोजकं. सही करायला शिकले ते सरपंच झाल्यावर, माझ्याकडून. ओटीवर मांडी घालून ते आपलं नाव लिहीत आणि मग जरा लांबून बघत, फळीला रंधा सरळ लागला का ते बघावं तसं. त्या पदाचा त्यांना भारी अभिमान होता. बापजाद्यांनी गावाचे नांगर नि दारं घडवली, पण पंचांच्या बैठकीत त्यांना बसायला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

गावाच्या मधोमध वहाळ होता. दर वैशाखात त्यावर लाकडाचा साकव घालायचा, म्हणजे पावसात पलीकडच्या वाडीला येता-जाता येई. घरटी एक माणूस, घरटी एक वासा, आणि कसब सुताराचं. मजुरी कुणालाच नाही. काम झालं की वहाळाला नारळ फोडायचा आणि साऱ्यांदेखत सुताराच्या डोक्याला नवं मुंडासं बांधायचं. मुंडाशासाठी गाव वर्गणी काढी. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिथं मी शहाणपणा केला. पंचायत असताना वर्गणी कशाला, म्हणालो. पोलादपूरच्या दुकानातून लाल मुंडासं पंचायतीच्या खर्चानं आणलं, ठराव लिहिला, पावती चिकटवली आणि सरपंचांची सही घेतली. सगळं कसं नियमात. एवढंच ध्यानात आलं नाही की सुतार नि सरपंच एकच माणूस आहे, आणि पंचायतीच्या कामातून सभासदानं काही घेतलं तर त्याचं पद जातं, हे माझ्याच पाठ केलेल्या पुस्तकात लिहिलंय. मुंडासं वर्गणीतून आलं असतं तर बोट दाखवायची कुणाची बिशाद नव्हती.

निवडणुकीत त्यांच्याकडून हरलेले एक जमीनवाले गृहस्थ टपूनच होते. त्यांनी अर्ज ठोकला. महाडच्या कचेरीत सुनावणी लागली.

मी हबकलो. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी सरपंचांच्या अंगणात जाऊन म्हणालो, "काका, मुंडासं गावदेवीला वाहिलं म्हणून सांगा. सगळं गाव साक्ष देईल."

ते वासा तासत होते. मान वर न करता म्हणाले, "बगू."

सुनावणीच्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर आले ते लाल मुंडासं बांधूनच.

"काका, निदान हे तरी काढा."

"कचेरीत काय बोडका जाऊ? दुसरं धड हाय कुठं माज्याकडं?"

महाडच्या कचेरीतले साहेब समजूतदार निघाले. त्यांनाही वाट काढायची होती हे त्यांच्या विचारण्यावरून कळत होतं. "मुंडासं गावानं देवीसाठी आणलं, असंही असेल, नाही का?" त्यांनी विचारलं. सरपंचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाय साहेब. ह्येच ते. साऱ्या गावानं माज्या डोक्याला बांधलंय. नाय म्हनलो तर गावानं मान दिलाच नाय, असं व्हईल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं नि थोड्या वेळानं परत उचललं. पद गेलं.

परतताना स्टँडवर चहा पिताना मला रडू आवरेना. चूक माझी, शिक्षा त्यांना. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "सही शिकवलीत ना भाऊसाहेब, ती काय कोन काढून घेत नाय." पण गाडीत बसले ते खिडकीकडे तोंड करून, गाव येईपर्यंत तसेच. त्यांना फार लागलं होतं.

पुढच्या वैशाखात सरपंच तेच जमीनवाले. साकवाला सुतार तर हवाच. आता सुतारकाका सभासद नव्हते, त्यांनी मजुरी घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. तसा ठराव लिहून मी मोठ्या उत्साहानं वाचून दाखवला. त्यांनी कागदाची घडी करून परत दिली. "काम करतो. मजुरी नको. रीत हाय तेवडी करा."

त्या वर्षी वर्गणीला घरोघर मी स्वतः फिरलो. नव्या सरपंचांच्या दारातही गेलो. त्यांनी खाली मान घालून वर्गणी दिली. साकव पुरा झाला. मुंडासं बांधायचा मान गावच्या पुढाऱ्याचा, म्हणजे त्यांचाच. सगळं गाव बघत होतं. त्यांच्या हातून पीळ काही बसेना. सुतारकाकांनी गुडघे किंचित वाकवून डोकं खाली केलं, त्यांना सोपं जावं म्हणून.

मग माझ्याजवळ येऊन काकांनी हळूच विचारलं, "भाऊसाहेब, ह्ये मुंडासं कुठं कागदावर लिवलं नाय ना?"

"नाही काका," मी म्हणालो.

आज पहिल्यांदा लिहितोय.