कशावानी दुखायलंय?

चष्मा कपाळावर सरकवायचा, पेनाला टोपण लावायचं, स्टूल थोडं पुढं ओढायचं आणि विचारायचं, "कशावानी?"

ही अक्कांची रीत. समोरचा पेशंट "पोटात दुखायलंय" एवढं सांगून गप्प झालेला असायचा. मी केसपेपरवर तेवढंच लिहून टाकलेलं असायचं. अक्कांचं काम तिथून सुरू व्हायचं. "दुखायलंय ते कळलं. कशावानी दुखायलंय?" माणूस जरा वेळ छताकडं बघायचा आणि म्हणायचा, "ओलं धुणं पिळल्यावानी." किंवा, "आत कुणी विळी फिरवल्यावानी." मग अक्का माझ्याकडं बघायच्या. आता लिहा, असा त्या बघण्याचा अर्थ.

कर्नाटकातल्या आळंदहून महाराष्ट्राच्या हद्दीकडं जाताना लागणाऱ्या एका गावातला तो सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक तिथली. अक्का तिथं पंचवीस वर्षं नर्स होत्या. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. सरपंचापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का. आमचं घर मूळचं कलबुर्गीचं असलं तरी वडिलांच्या नोकरीमुळं माझं लहानपण हैदराबादेत गेलं. मराठी घरातली, कन्नड दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं आणि आजारांची नावं सगळी इंग्रजीत. या भांडवलावर मी खुर्चीत बसले होते.

पहिल्याच आठवड्यात मी एका म्हातारीला पुस्तकातला प्रश्न विचारला होता, "आजी, दहापैकी किती दुखतं?" ती म्हणाली, "दहाच्या दहा दिवस, माय."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आला. "जीव वर-खाली व्हायलाय," म्हणाला. मी दम्याच्या वाटेनं निघाले. छाती तपासली, फुंकर मारायला लावली. अक्का शेजारी उभ्या होत्या. म्हातारा औषध घ्यायला बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मॅडम, दमा न्हाई तो. बायको वारली त्याची. पंधरा दिवस झाले. त्याला खोकल्याचं औषध द्या, हरकत न्हाई, पण आठ दिवसांनी पुन्हा बोलवा. कुणीतरी बोलवावं त्याला."

एका बाईनं कन्नडमध्ये तक्रार केली की तिच्या जावेला फार 'होट्टे किच्चु' आहे. होट्टे म्हणजे पोट आणि किच्चु म्हणजे आग, एवढं मला समजलं. मी म्हणाले, "त्यांना घेऊन या, जळजळीच्या गोळ्या देते." बाई माझ्याकडं बघत राहिली. अक्का पाठ फिरवून बँडेजच्या डब्यात काहीतरी शोधायला लागल्या आणि त्यांचे खांदे हलत होते. बाई गेल्यावर त्यांनी सांगितलं, "मॅडम, होट्टे किच्चु म्हणजे दुसऱ्याचं चांगलं बघवंना होणं. त्याच्यावर गोळी निघायचीय अजून."

अक्कांच्या त्या 'कशावानी'ची गंमत वाटायची मला, एका न्हाव्याचा प्रसंग घडेपर्यंत. गावातलाच माणूस, पन्नाशीचा. रांग मोडून आत आला नाही, बाकावर बसून होता. पाळी आल्यावर म्हणाला, "काही न्हाई, गॅस झालाय जरा. एखादी गोळी द्या." मी गोळी लिहायला घेतली. अक्कांनी विचारलं, "कशावानी?" तो हसला. "छातीवर ज्वारीचं पोतं टाकल्यावानी. दुकान झाडताना कुणी टाकलं बघा." अक्कांनी त्याला आणखी एक शब्द बोलू दिला नाही. हाताला धरून टेबलावर आडवं केलं आणि ईसीजीच्या वायरी स्वतः लावल्या. तासाभरात तो ॲम्ब्युलन्समधून कलबुर्गीच्या वाटेला लागला होता. वाचला. त्यानंतर गोळी लिहिण्याआधी मीही पेन खाली ठेवायला लागले.

शिकाऊ माणूस जरा जास्तच शिकतो. वर्षभरानं शाळेचे एक मास्तर आले. "कानात मुंगी फिरायलीय," म्हणाले. मी आता तयार झाले होते. कानातला आवाज, झोप, रक्तदाब, मनावरचा ताण, सगळं विचारलं, घरच्या कटकटींबद्दलही विचारलं. मास्तर गोंधळून उत्तरं देत होते. अक्कांनी बॅटरी घेतली, कानात बघितलं, कोमट तेलाचे चार थेंब सोडले आणि थोड्या वेळानं कापसावर मेलेली मुंगी मला दाखवली. मास्तर गेल्यावर म्हणाल्या, "त्यांनी 'वानी' म्हटलंच न्हाई, मॅडम."

मी एकदा विचारलं, हे सगळं तुम्ही कुठं शिकलात? अक्का बिदरजवळच्या कमठाण्याच्या. बौद्ध घरातल्या, गावातून शिकून बाहेर पडलेली पहिली मुलगी. मला वाटलं, नर्सिंगच्या कुठल्या बाईंचं नाव सांगतील. त्या म्हणाल्या, "सासूकडं. सरळ बोलायचीच न्हाई. 'मीठ स्वस्त झालं वाटतं गावात' म्हणली की समजायचं, भाजी खारट झाली. 'अवंदा कावळे लई झालेत' म्हणली की वाळवण आत घ्यायचं. तिच्या हाताखाली सोळा वर्षं काढली. त्यापुढं तुमचे पेशंट सोपे."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना दुसऱ्याचं न बोललेलं ऐकू येतं. पण अक्कांचं वेगळेपण मला कळलं ते शेवंताच्या वेळी.

शेवंता शेजारच्या वस्तीवरची, साठीच्या आतली. दर महिन्याला बाजाराच्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायची. त्या दिवशी नीट केस विंचरून आली होती. मी चिठ्ठी लिहीत असताना म्हणाली, "एवढ्या नका देऊ, मॅडम. आठ दिवसाच्या बास." मी विचारलं, का. तर म्हणाली, "आता कशाला पसारा? शेळी पोरीला देऊन टाकली. कोंबड्या जावेला दिल्या. मोकळी झाले बघा."

मी म्हणाले, "बरं केलंत. फार राबलात. आता आराम करा."

अक्कांनी टोपण लावलं. स्टूल पुढं ओढलं, पण या वेळी 'कशावानी' विचारलं नाही. "शेवंता, कुठं निघालीस?"

"कुठं न्हाई, अक्का."

"मग शेळी कामून दिलीस?"

शेवंता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर रांगेत कुणीतरी खोकत होतं. अक्का उठल्या, दार लोटलं, परत येऊन बसल्या आणि जराही आवाज न बदलता विचारलं, "जीव द्यायचं मनात हाय का?"

माझ्या हातातलं पेन थांबलं. इतकं उघड कुणी विचारतं हे मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ही बाई चिडेल, उठून जाईल. शेवंतानं मान हलवली, होय म्हणून. आणि मग रडायला लागली, अगदी आवाज न करता.

हळूहळू कळलं. नवरा गेल्याला वर्ष झालं होतं. मुलगा-सून एकाच घरात, पण कसल्याशा वादावरून तिच्याशी बोलत नव्हते. ताट वाढून उंबऱ्यावर ठेवायचे. "वर्ष झालं, अक्का," ती म्हणाली, "घरात मला कुणी हाक मारली न्हाई."

अक्कांनी तिला त्या दिवशी एकटीला सोडलंच नाही. तिच्या मुलीला फोन करून बोलावून घेतलं. मी कलबुर्गीच्या मनोविकाराच्या डॉक्टरांशी बोलले, मुलगी तिला तिकडं घेऊन गेली आणि मग आपल्याच घरी. अक्का दर बाजाराच्या दिवशी तिला फोन करायच्या. बोलणं दोन मिनिटांचं, पण सुरुवात ठरलेली. मोठ्यानं, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी हाक, "शेवंता!"

शेवंता आली त्या दिवशी संध्याकाळी आवरताना मी म्हणाले होते, "अक्का, एवढं सरळ विचारायला भीती नाही वाटली?"

"माणूस फिरवून बोलतंय, मॅडम, कारण सरळ बोलायला त्याला जागा नसती. आपण बी फिरवूनच विचारलं तर ते कुठं जाईल?"

चार-पाच महिन्यांनी शेवंता स्वतः आली. सोबत कुणी नाही. म्हणाली, "गोळ्या महिन्याच्या द्या, मॅडम. सारखं सारखं यायला जमंना." अक्का मागच्या खोलीत इंजेक्शन भरत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "दोन महिन्यांच्या लिहा."

अक्का निवृत्त झाल्या आणि शाळेत शिकवणाऱ्या लेकीकडं बिदरला राहायला गेल्या. फोन व्हायचे. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. त्याआधी झालेली आमची शेवटची भेट सांगून थांबते.

त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा. 'भाकर'. असं होतं कधी कधी. सगळी भाषा पुसली जाते आणि एखादा शब्द मागं राहतो. मी गेले तेव्हा लेक दारातच म्हणाली, "मॅडम, तुम्ही तरी बघा. दिवसभर भाकर, भाकर. कुस्करून दुधातून दिली तर तोंड फिरवती. परवा तर वाटी ढकलून दिली. सहा महिने झाले. हिला काय पाहिजे तेच कळंना."

अक्का खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. मला बघून डावा हात पुढं केला. मी तो हातात घेतला. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "भाकर?"

लेक स्वयंपाकघराकडं वळली. मी तिला थांबवलं. त्या शब्दाच्या शेवटी आवाज वर गेला होता. आपल्या या भागात, मराठी असो की कन्नड, माणूस भेटलं की पहिलं काय विचारतात? ख्यालीखुशाली नंतर. आधी, जेवलाव का?

"न्हाई, अक्का," मी म्हणाले, "सकाळी निघाले तशीच आलेय. जेवले न्हाई अजून."

अक्कांनी माझा हात सोडला. लेकीकडं बघून, जवळजवळ रागावून म्हणाल्या, "भाकर. भाकर."

 लेक आत गेली आणि माझ्यासाठी ताट वाढून आणलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगांची चटणी. मी खाटेजवळ बसून जेवायला लागले. अक्का उशीला टेकल्या. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"म्हणजे ही मला विचारत होती," लेक म्हणाली. "रोज शाळेतून आले की. मी जेवले का म्हणून."

"भाकर?" अक्का तिला म्हणाल्या.

 दुपारचे अडीच वाजून गेले होते आणि आईचं करण्यात तिचं जेवण रोजच राहायचं. ती आत गेली, स्वतःचं ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. आम्ही दोघी जेवत होतो. अक्का एकदा माझ्या ताटाकडं बघायच्या, एकदा लेकीच्या, आणि लेकीच्या ताटातली भाकरी संपत आली तेव्हा डाव्या हातानं, आणखी वाढून घे, अशी खूण करत होत्या.