अण्णांचं पोट आणि एकतीस मार्च

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मालमत्ता एकच, बिघडलेलं पोट. आजोबांनी ते अण्णांना दिलं, अण्णांनी मला. वाटणीवरून कधी भांडण झालं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. परंड्याच्या एसटी स्टँडबाहेर त्यांचं हॉटेल. (हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह.) मी कळता झालो तेव्हापासून त्यांच्या छातीत जळजळ. डावा हात छातीवर आणि उजव्या हातानं चहा गाळणं, असंच मला ते आठवतात. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "आधी पोराची फी." फी भरून उरलं तर वही, वही घेऊन उरलं तर खायचा सोडा. चिमूटभर सोडा पाण्यात टाकून प्यायले की असा ढेकर यायचा, की बाकड्यावरची माणसं पिशव्या उचलून एसटी आली का बघायची!

आई आमच्यासाठी ठेचा वाटायची आणि अण्णांच्या ताटात दूध-भाकरी वाढायची. अण्णा ठेच्याकडं नुसतं बघत जेवायचे. मला वाटायचं, वडील झालं की माणसाला ठेचा बंद होतो. म्हणून मी लहानपणीच ठरवलं होतं, मोठं व्हायचं नाही.

तरी झालो. बी.कॉम.सुद्धा झालो, घराण्यातला पहिलाच! गावाजवळच्या एका खासगी डेअरीच्या कचेरीत चिकटलो. तिथं आपल्या आणि घरच्यांच्या औषधपाण्यासाठी दरवर्षी आरोग्य निधी मिळायचा. बिल लावायचं आणि पैसे घ्यायचे. एकतीस मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर निधी बुडाला. हे मला मार्चच्या वीस तारखेला कळलं. (नियमांचा कागद नोकरीला लागलो त्याच दिवशी हातात मिळाला होता. तो मी फार जपून ठेवला होता. वाचला नव्हता.)

लगेच हॉटेलात बैठक बसली. आई, अण्णा, मी आणि शेजारचे पंक्चरवाले रशीदभाई.

"पैसे बी हायत आन् दुखणं बी हाय," अण्णा खूश होऊन म्हणाले. "आपल्या घरात दोन्ही एकदम पहिल्यांदाच!"

आई म्हणाली, "वैद्याचा काढा आणू या. तिघांना पुरंल. माझं बी पोट लई फुगतंय."

"त्यापेक्षा वर्साचा सोडा घिऊन ठिवू."

"अण्णा, सोड्याच्या पुडीचं बिल चालत नाही."

"मग गोणी घे. गोणीचं बिल देत्यात."

"सोडा छोडो, अण्णा," रशीदभाई हात पुसत म्हणाले. "माझ्या साडूनं बार्शीला पोटात दुर्बीण घातली. आतलं समदं टीव्हीवर दिसतंय!"

"कुठनं घातली?"

"तोंडातनं. मग काय खिशातनं?"

आईनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई! आन् परत निघती का ती?"

इथं मी पदवीधराचा आवाज काढला. "काढा नाही, सोडा नाही. अण्णांची दुर्बिणीतून तपासणी. ठरलं."

बार्शीच्या दवाखान्यानं नेमकी एकतीस मार्चची वेळ दिली. सूचना एकच, आदल्या रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. ती मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिली आणि हॉटेलात चिकटवली. शिवाय घरच्यांना शिस्त लावायची तर आधी आपल्याला लावावी म्हणून मीही उपाशी राहिलो. आईला सकाळी बीपीची गोळी असते, म्हणून तिला भाकरी माफ केली.

अण्णांची अट एवढीच होती, "सकाळच्या गाड्या निघूस्तवर हॉटेल उघडं ठिवतो. बांधलेलं गिऱ्हाईक तोडायचं न्हाय." मी हो म्हणालो. विकण्यानं कुणाचं पोट भरत नाही, असा माझा समज होता.

सोबतीला रशीदभाई आले. दवाखान्यात मी आधी पैसे भरून, तारीख नीट बघून पावती घेतली. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लं?"

"न्हाय."

"पाणी, चहा?"

"च्या? त्यो तर धा वर्सं झाली सोडलाय. जळजळतंय म्हणून."

अण्णांचा मला केवढा अभिमान वाटला! तेवढ्यात रशीदभाई खाकरले. "अण्णा, डॉक्टरसे क्या छुपाना? पातेलं उतरलं की पहिला कप कोण तोंडाला लावतं?"

"ते चाखणं झालं!" अण्णा चिडले. "न चाखता गिऱ्हाइकापुढं ठिवायचा व्हय? आपल्या धंद्यात चाखलेला च्या पिण्यात धरत न्हायत."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आज किती पातेली झाली?"

"सहा."

"आणि रोज?"

"बारा तरी व्हत्यात. बाजारच्या दिवशी जास्ती."

"म्हणजे रोज बारा कप! त्यातले निम्मे उपाशीपोटी!"

मी त्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसून पाढे पाठ केले होते. समोर अण्णा पातेलं उतरवायचे, चाखायचे, मान हलवायचे. हे रोज बघून मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली, पण ते कप कधी मोजले नाहीत!

"आज यांची तपासणी होणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पण मॅडम, आज एकतीस मार्च आहे हो!" माझा आवाज चिरकला. "उद्या निधी बुडतोय!"

अण्णांनी पावतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "डॉक्टरबाई, ह्याला बी दोन वर्सं करपट ढेकर येत्यात. आन् ह्यो रातीपासनं उपाशी हाय. ह्यालाच घ्या!"

बाईंनी मला चार प्रश्न विचारले. दुर्दैवानं चारही उत्तरं 'हो' होती.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. मी ओरडलो, पण तोंडात नळी असल्यामुळं बाहेर नुसता ढेकर पडला. डॉक्टरबाईंनी नंतर पडद्यावरचं चित्र अण्णांना दाखवलं. अण्णा हरखून म्हणाले, "बघा, कसं लख्ख हाय! घासलेल्या पातेल्यागत!"

माझ्या कागदावर लिहून आलं, जठर उत्तम. अण्णांना बाईंनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या आणि चाखणं कायमचं बंद केलं.

परतीच्या एसटीत अण्णा गोळ्यांची पुडी चाचपत बसले होते. मधेच म्हणाले, "मग चव कोण बघणार?" ही त्यांच्या इभ्रतीची गोष्ट होती. न चाखलेलं पातेलं त्यांनी उभ्या जन्मात विकलं नव्हतं. आई चहाला शिवत नाही. (चहावाल्याशी चाळीस वर्षं संसार केल्यावर कुणीही शिवणार नाही.) रशीदभाई प्रामाणिकपणे म्हणाले, "मला फुकटचा असला की कुठला बी चांगलाच लागतो." मग अण्णांनी माझ्या मांडीवरचा कागद उचलला, उलटा धरून वाचल्यासारखा केला आणि म्हणाले, "तुझ्या पोटाचा तर दाखला हाय!"

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या गाड्यांना मी स्टोव्हपाशी उभा राहू लागलो. कचेरीत जायच्या आधी सहा पातेली, सहा कप; बाकीची पातेली अण्णांनी माझी कचेरी सुटल्यावरच्या गाड्यांना ठेवली. अण्णा शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी मान हलवली की गिऱ्हाइकांना चहा द्यायचे. खरं सांगतो, पदवीच्या कागदाकडंही त्यांनी एवढ्या भरवशानं बघितलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत अण्णांची जळजळ थांबली. एका दुपारी त्यांनी स्वतःच ठेच्याचं भांडं पुढं ओढलं. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, वर उचकी! "बास करा की," आई म्हणाली. "गप, आनखी वाढ," अण्णा म्हणाले. आईनं वाढलं आणि उगाच चुलीतली लाकडं सारत बसली.

अण्णांचं पोट बरं झालं. संक्रांतीपासून माझी छाती जळते आहे, आणि यंदाचा निधी कुणावर खर्चायचा यावर बैठक घ्यावी लागली नाही.