सरबतवाली गुलबहार

गुलबहार बानू चौथी शिकलेली. तेवढ्या शिदोरीवर एका आरोग्य संस्थेनं तिला कामाला घेतलं, कारण मेघना नदीतल्या चरांवर, म्हणजे गाळाच्या बेटांवर, चौथी शिकलेल्या आणि चिखलातून एकट्यानं हिंडायला तयार असलेल्या विधवा काही वाटेवर पडल्या नव्हत्या. काम एकच. घरोघर जायचं, बायकांना अंगणात बसवायचं आणि शिकवायचं. जुलाब लागले की अर्धा शेर पाणी घ्या, तीन बोटांची चिमूट मीठ टाका, मूठभर गूळ टाका, ढवळा आणि पाजत राहा.

लोकांनी तिचं नाव सरबतवाली ठेवलं. म्हातारा नावाडी मोतालेब माझी होडी हाकता हाकता घाटावरच्या चारचौघांत विचारायचा, "काय सरबतवाली, आज कुणाचं लग्न?"

ती हसून पुढे जायची. तिचा थोरला मुलगा पटकीनं गेला होता. पाणी दिलं तर जुलाब वाढतील असं शेजारणी म्हणाल्या, म्हणून तो मागत असताना तिनं दिवसभर त्याला थेंब दिला नव्हता. हे ती कुणाला सांगत नसे.

संस्थेच्या शिकवणीच्या शिबिरात 'गूळ कशाला?' असं विचारणारी ती एकटीच निघाली. शिकवणाऱ्या डॉक्टर आपांनी, म्हणजे डॉक्टरताईंनी, फळ्यावर आतडं काढलं. "आतड्याला आतून पेशींचं अस्तर असतं. प्रत्येक पेशीभोवती पातळ, तेलकट आवरण. त्यातून मीठ असंच आत जात नाही, त्याला दारं लागतात. पटकीच्या विषानं पेशी आतलं मीठ-पाणी बाहेर टाकायला लागतात, आणि मीठ आत घेणारी काही दारं मिटतात. पण एक दार शाबूत राहतं. तिथं मीठ आणि साखर बरोबर आली तरच आत जातात. मीठ गेलं की मागोमाग पाणी जातं."

"म्हणजे लेक बरोबर असली तरच जावयाला पाट मांडायचा," गुलबहार म्हणाली. सगळ्या हसल्या, आपाही हसल्या.

"आणि ज्या घरात गूळ नाही, तिथं?"

"तांदूळही साखरच आहे, बुबू," आपा तिला बहिणीची हाक मारून म्हणाल्या. "साखरेच्या मण्यांची लांब माळ. पोटात ती तुटते, मणी सुटे होतात. ढाक्याला पेजेवर प्रयोग चाललेत. तुम्ही मात्र सध्या गुळाचंच शिकवा."

त्या वर्षी आश्विनात पूर आला तो घराच्या कुडांना कमरेपर्यंत लागला. पाणी उतरलं आणि पटकी आली. सकाळी गुलबहार मोतालेबच्या दारावरून चालली होती, तर म्हातारा स्वतः आडवा आला. त्याची सून अंबिया पहाटेपासून जुलाबांनी वाहत होती.

गुलबहारनं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला.

"काय दिलं, चाचा?"

"तू सांगतेस तेच. मिठाचं पाणी. दोन तांबे दिले, सगळं खाली गेलं."

"आणि गूळ?"

"गुळाची मडकी पुरात विरघळली. आख्ख्या चरावर खडा नाही. नाव घालू का इस्पितळाकडे?"

नदीला अजून ओढ होती. उलट्या प्रवाहानं तिथं पोचायला संध्याकाळ झाली असती. अंबिया दुपारही बघणार नव्हती. गुलबहारला फळ्यावरचं दार आठवलं. मीठ एकटंच येऊन परत जात होतं.

"तांदूळ आहे?"

"भाताची वेळ आहे का ही?" म्हातारा तडकला. "पोटात काही ठरत नाही तिच्या."

"चाचा, शिव्या नंतर द्या. आधी मूठभर तांदूळ कुटा."

आयुष्यात ज्यानं मुसळाला हात लावला नव्हता, तो मोतालेब माझी उखळाशी बसला. गुलबहारनं पीठ अर्ध्या शेराहून थोड्या जास्त पाण्यात उकळलं, पातळ पेज केली, चिमूटभर मीठ टाकलं, चाखून बघितलं. आसवांहून खारट नको, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. कोमट झाल्यावर चमच्यानं पाजायला घेतली.

अंबियानं पहिली वाटी ओकून टाकली. शेजारणी पुटपुटल्या, "आता हिला मारणार ही." गुलबहार थोडी थांबली आणि तिनं पुन्हा एक चमचा दिला. मग दुसरा. पेज संपली की म्हातारा न सांगता कुटायला बसे. ऊन डोक्यावर आलं, कललं. जुलाब विरळ झाले. दुपार उलटल्यावर अंबिया कुशीवर वळून म्हणाली, "मामंजी, पीठ जाडं राहिलंय."

आणि दिवस मावळायच्या आत तिला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी ठरलं होतं. गुलबहार अंगणात येऊन हे बातमीसारखं सांगू लागली आणि सांगता सांगता रडू लागली. जमलेल्या बायकांपैकी कुणालाही त्यात हसण्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोतालेबनं घाटावर उतारूंना सांगून टाकलं, "आज नाव मिळणार नाही. बुबूला फिरवायचंय." तिला पुढे बसवून तो वाडीवाडीला गेला. कुणी शंका काढली की ती बोलायच्या आधी हाच ओरडायचा, "नुसत्या मिठाला दार उघडत नाही रे. तांदूळ कूट."

सोळा दिवसांत चरावर सव्वीस जणांना पटकी झाली. ज्या घरांत गुलबहार पोचली नाही, तिथं तिनं शिकवलेल्या बायका पोचल्या होत्या. सव्वीसच्या सव्वीस उठून बसले.

साथ ओसरल्यावर अंबियानं इलिश मासा रांधला आणि गुलबहारला जेवायला बोलावलं. म्हाताऱ्यानं तिच्या पानात मधला, गाभोळीचा मानाचा तुकडा वाढला आणि ती 'पुरे' म्हणाली तरी आणखी एक वाढला.