दोन रेघांची फिरकी

माझ्या काकांना सगळे बिल्लेकाका म्हणायचे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांसाठी भिंगं घासायची आणि घरी आल्यावर स्वतःच्या डोळ्याला भिंग लावून सोव्हिएत काळातले बिल्ले बघत बसायचं. लग्न केलं नाही. आई म्हणायची, "मुलगी बघायला गेले असते, तर तिलाही उलटी करून मागचा शिक्का बघितला असता भाऊजींनी."

आम्ही राहायचो ते सोव्हिएत राज्य मोडलं तेव्हा सैनिकांचे, बालसंघटनांचे बिल्ले लोक पोत्यांनी विकत होते. काकांनी ते जमवून उथळ खणांत मखमलीवर मांडले. बिल्ला हातात आला की आधी उलटा करायचा, ही त्यांची रीत. "पुढून सगळेच शूर दिसतात," ते म्हणायचे. मागे आटे पाडलेला खिळा असतो आणि त्यावर कर्णफुलाला असते तशी गोल फिरकी. तिच्यावर कारखान्याचं नाव. बिल्ला एका कारखान्याचा आणि फिरकी दुसऱ्याची असली, तर तो जुळवलेला, बाजारी माल. काका येताना दिसले की विक्रेते निम्मा माल कापडाखाली सरकवत.

पहिल्या खणातला पहिला बिल्ला मात्र काकांचा स्वतःचा होता, बालसंघटनेचा, लाल मीनाकारीचा. मागे सुईने ओढलेल्या दोन रेघा. मुलांच्या वस्तूंची अदलाबदल नको म्हणून आजी मोठ्याच्या वस्तूवर एक रेघ ओढायची, धाकट्याच्या वस्तूवर दोन. त्या बिल्ल्याला फिरकीच नव्हती. लहानपणी हरवली, असं काका सांगायचे.

मोठे म्हणजे माझे बाबा, काकांपेक्षा तेरा वर्षांनी. सैन्यात त्यांनी पॅराशूटने दहा उड्या मारल्या होत्या. त्याचा निळा बिल्ला होता, खाली दहाचा आकडा लोंबणारा. त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही आग्रह करकरून तो त्यांना कोटावर लावायला लावला. घर माणसांनी भरलेलं. काकांना राहवलं नाही. त्यांनी बाबांचा कोट छातीशी उलटून मागे बघितलं.

"दादा, कुठून आणलास हा? फिरकी दुसऱ्याच कारखान्याची आहे. तिथं पोरांचे बिल्ले व्हायचे. जुळवलेला माल आहे हा."

बाबांचा एक जुना सोबती म्हणाला, "म्हणजे उड्याही जुळवलेल्याच का रे?"

सगळे हसले. बाबांनी बराच वेळ काकांकडे बघितलं. "तू म्हणतोस तर असेल. यातलं तुला कळतं," एवढं बोलून त्यांनी बिल्ला काढला आणि खिशात टाकला.

त्यानंतर उड्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून कधी आली नाही. नातवंडं मागे लागली तरी म्हणायचे, "जुनं झालं ते." भावाभावांत भांडण असं झालं नाही. काका यायचे, चहा प्यायचे, जायचे. मी मात्र त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. अक्कल असावी, पण ती भावाच्या छातीवर पाजळायची? खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही बाबांचा संशय आला होता, आणि त्याचा राग मी काकांवर काढत होते.

नऊ वर्षांनी बाबा गेले. महिनाभराने आईने बिल्ल्याची डबी माझ्या हातात दिली. "भाऊजींना नेऊन दे. यांनी सांगून ठेवलंय." मी तणतणतच गेले.

काकांनी खिडकीशी बसून भिंग लावलं, फिरकी सोडवली. मग भिंग काढून पुसलं आणि पुन्हा लावलं. फिरकीच्या कडेला दोन बारीक रेघा होत्या. त्यांनी पहिला खण उघडला, आपला लाल बिल्ला काढला आणि ती फिरकी त्यावर फिरवली. ती सुरळीत बसली.

"सात वर्षांचा होतो मी," ते म्हणाले. "दादा सुट्टीवर आला होता. त्याचा बिल्ला गुपचूप लावून खेळायला गेलो आणि फिरकी पाडून आलो. रडत होतो. तो म्हणाला, झोप, आईला सांगत नाही. सकाळी बिल्ला लावूनच पलटणीत हजर व्हायला गेला. फिरकी कुठून आणली, हे मी कधी विचारलंच नाही."

"मग त्या दिवशी बाबा बोलले का नाहीत? एवढ्या लोकांत?"

काकांनी फिरकी काढून परत बाबांच्या बिल्ल्याला लावली.

"सांगत नाही म्हणाला होता ना," ते म्हणाले. "कुणालाच नाही सांगितलं त्याने."