चार नंबरचा उंदीर

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या सरलामावशीची नक्कल एकदम सोपी. कमरेवर हात, मान तिरपी: "रीना, सुई घेतली नं? मंग काहून बसून राहिली? खा आधी!"

रीना तिची पोट्टी, अकरा वर्षांची. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. सुई घेऊन उपाशी राहिली की साखर झपकन उतरते, हातपाय कापतात. म्हणून घरात कायदा एकच, सुईनंतर उपाशी राहायचं नाही.

मावशी नव्या रायपुरात एका प्रयोगशाळेत कंत्राटावर उंदरांचे पिंजरे धुते. तिथल्या शर्मिष्ठा मॅडम मधुमेही उंदरांत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बसवतात. "मॅडमचं जमलं तं रीनाची सुई सुटंल," हे मावशी मोहल्लाभर सांगते. पुढचं तिनंच सांगितलं, मॅडमच्या आवाजासकट. आवाज बरा काढते.

त्या दिवशी सकाळी सहाला उंदरांचं खाणं काढलं होतं. बाराला उपाशीपोटी साखर मोजायची होती. साडेअकराच्या सुमाराला चार नंबरचा उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन बसला. मावशीला वाटलं, याच्या अंगात आता इन्सुलिन आहे, वरून उपाशी. हा पडतोच आता. तिनं गुपचूप थोडे दाणे आत टाकले.

बाराला मॅडमनी शेपटीतून रक्ताचा थेंब घेतला. दोनशे चाळीस.

"चार नंबर फेल. सेल काम नहीं कर रहे."

मावशी फरशी पुसत होती. बोललं तर नोकरी जाणार. गप्प बसलं तर चांगल्या पेशींवर खोटा ठपका.

"मत लिखो मॅडम. मैंने खिलाया."

"क्यों?"

"सुई के बाद भूखा नहीं रखते."

मॅडमचा चढलेला आवाज खाली आला. "सरला, सुई को पता नहीं चलता कब रुकना है. इन सेल को पता चलता है. शक्कर उतरी, तो खुद रुक जाते हैं. वही तो देखना था."

"खुद?"

"हां. और अगली बार हाथ लगाया, तो नौकरी गई."

आठ दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. मावशी सहा तास हात मागे बांधून पिंजऱ्यासमोर उभी. उंदीर पडला नाही. साखर एकशे चार.

"माणसात कधी, मॅडम?" घाईत तिच्या तोंडून मराठीच निघालं. मॅडमला तेवढं कळलं.

"सालों लगेंगे. शायद."

मावशीनं मान हलवली. मग विचारलं, "अब दाना डाल दूं?"